संघ सोडण्याचा दाखला



२ मार्च २०२५. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. आदल्या संध्याकाळी नाबाद राहिलेले करुण नायर १३५ धावांवर पुढे सरसावले, चेंडू हुकला आणि केरळच्या यष्टिरक्षकाने यष्टी उडवल्या. गोलंदाज होते आदित्य सरवटे.

धावफलकावर ही एक ओळ आहे, पण तिच्यात दोन स्थलांतरे दडलेली आहेत. बाद झालेले नायर मूळ केरळी घराण्यातले, जोधपूरला जन्मलेले, बंगळुरूत घडलेले. ते खेळत होते विदर्भासाठी. त्यांना बाद करणारे सरवटे आपल्या नागपूरचे. सहा वर्षांपूर्वी याच जामठ्यावर सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद करून विदर्भाला सलग दुसरा रणजी करंडक मिळवून देणारे हेच सरवटे आता केरळच्या बाजूने होते. पहिल्या डावात त्यांनी ७९ धावा केल्या. त्याआधी अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात गुजरातचा शेवटचा गडी बाद करून केरळला दोन धावांची आघाडी आणि इतिहासातला पहिला अंतिम सामना मिळवून देणारा चेंडूही त्यांचाच. केरळला अंतिम फेरीत आणणारा नागपूरचा, आणि त्या केरळला जामठ्यावर थोपवणारा केरळी रक्ताचा! सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपल्याकडे आला, आणि नागपूरकरांनी आनंदाने दोघांचेही कौतुक केले.

या दोघांनाही आपापला संघ सोडताना एक कागद मिळवावा लागला. ना हरकत प्रमाणपत्र, बोलीत एनओसी. एकदा एका राज्य संघटनेकडून खेळलेल्या खेळाडूला दुसरीकडे जायचे असेल, तर पहिल्या संघटनेने ‘आमची हरकत नाही’ असे लिहून द्यावे लागते. ते मिळाले नाही तर तो घरी बसतो. मी वकील आहे, क्लब क्रिकेटपलीकडे माझी मजल कधी गेली नाही. त्यामुळे आज खेळाच्या तंत्रावर बोलणार नाही. ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो, त्यांनी आयुष्यभर मुले मैदानावर आणली. ती मैदानावर आल्यावर कोणाची होतात आणि त्यांना सोडण्याचा हक्क कोणाचा, एवढाच माझा विषय आहे.

यात नागपूरला सोवळे पाळता येणार नाही, हे आधीच सांगतो. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू १८९५ मध्ये याच शहरात जन्मले, हिस्लॉप कॉलेजात शिकले. १९२३ मध्ये होळकर दरबाराने त्यांना बोलावले, सैन्यात हुद्दा दिला आणि नागपूरचा माणूस इंदूरचा झाला. त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात पन्नाशीतल्या कर्नलांनी बडोद्याविरुद्ध द्विशतक ठोकले. पुढे ते आंध्रकडून खेळले आणि साठी उलटल्यावर उत्तर प्रदेशकडूनसुद्धा. आज कोणी एवढे संघ बदलले असते तर आपण त्याला काय काय म्हटले असते! त्या काळी संस्थानिक खेळाडूला नोकरी देत, घर देत, आणि त्या बदल्यात तो त्यांच्यासाठी खेळे. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्र, मध्य भारत असे करत बडोद्याला स्थिरावले. युद्धकाळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून मुंबईविरुद्ध अंतिम सामना खेळला आणि २४९ धावांवर नाबाद राहिला. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. राजाची मर्जी फिरली की खेळाडूचे दाणापाणी बंद. पण एक गोष्ट तिच्यात उघड होती: घेणारा काय देतो, हे सगळ्यांना दिसत होते.

आता आपल्याकडे या. विदर्भ १९५७-५८ मध्ये पहिल्यांदा रणजी खेळला आणि पुढची सहा दशके ‘विदर्भाविरुद्धचा सामना’ म्हणजे समोरच्या संघासाठी गुणांची हमी असे मानले गेले. विदर्भ क्रिकेट संघटनेने, म्हणजे व्हीसीएने, अकादमी उभारली, जामठ्याचे मैदान २००८ मध्ये सुरू झाले, वलनीच्या कोळसा खाणीच्या वस्तीतला उमेश यादव भारताकडून खेळला. पण करंडक आला तो २०१७-१८ मध्ये, आणि तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. त्या संघाचा कर्णधार फैज फझल आपला, अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी आपला. पण प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, आणि विजयी फटका मारणारे वसीम जाफर मुंबईचे. कर्नाटकातून आलेल्या गणेश सतीश यांनी तर आधीची कित्येक वर्षे मधल्या फळीचा भार उचलला होता.

जाफर यांच्यापाशी जरा थांबतो. मुंबईसाठी आठ अंतिम सामने जिंकलेला हा माणूस वयाच्या सदतिसाव्या वर्षी नागपूरला आला. दुखापतीमुळे २०१६-१७ चा मोसम हुकला, तरी व्हीसीएने त्यांचे ठरलेले पैसे चुकते केले. आणि पुढच्या मोसमात त्यांनी व्यावसायिक मानधन न घेता खेळण्याची तयारी दाखवली. त्याच मोसमात करंडक आला. करारात लिहिलेले नव्हते, ते दोन्ही बाजूंनी पाळले गेले. माझ्या धंद्यात असे प्रकरण क्वचित दिसते, म्हणून मुद्दाम सांगितले. मुंबईने त्या वेळी एनओसी अडवले असते, तर जाफर यांचे नुकसान झालेच असते, पण आपले किती झाले असते याचा विचार करा. नायर यांचेही तेच. इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा करूनही कर्नाटकाच्या संघातली जागा गेलेल्या या फलंदाजाला २०२३ मध्ये विदर्भाने घेतले. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्यांनी ७७९ धावा काढल्या, अंतिम सामन्यात विदर्भाचे नेतृत्व करताना समोर उभे होते कर्नाटक, आणि विदर्भ हरला. रणजीत ८६३ धावा, भारतीय संघात पुनरागमन, आणि मग ते पुन्हा कर्नाटकाकडे गेले. व्हीसीएने त्यांना जाऊ दिले.

दुसरी बाजूही आहे. २०२५ मध्ये अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. हॅटट्रिकवाला गुरबानी महाराष्ट्राकडून खेळू लागला. सरवटे केरळला गेले. आपण मुंबईचे दार उघडे राहिले म्हणून जिंकलो आणि आता आपल्या दारातून माणसे बाहेर पडताहेत. तेव्हा ‘घडवले आम्ही आणि मिरवणार ते’ अशी कुरकुर होते. मीही ऐकतो, कधी कधी तीत सामीलही होतो. पण ती कुरकुर न्यायाच्या भाषेत मांडायला गेलो की उभी राहत नाही.

तिचा एकच भाग खरा आहे, तो बाजूला टाकणार नाही. बाहेरचा व्यावसायिक आला की स्थानिकाची जागा जाते. एका राज्याला एका मोसमात तीनच बाहेरचे खेळाडू घेता येतात. म्हणजे अकरापैकी आठ जागा आपल्या मुलांसाठी उरतात. चंद्रपूर, यवतमाळ, अकोल्याहून येणाऱ्या मुलाला ती गेलेली नववी जागा दिसते. तीनच्या मर्यादेचे मी समर्थन करतो. पण ही मर्यादा घेणाऱ्यावर आहे. सोडून जाणाऱ्यावर बंधन घातल्याने चंद्रपूरच्या मुलाला जागा मिळत नाही. उलट नाराज मनाने थांबलेला माणूस ती अडवून बसतो.

आता सातासमुद्रापलीकडचे उदाहरण घेतो, कारण तिथे हा प्रश्न फार मोठ्या पैशांनिशी घडला. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा त्यांचा खेळ, हा आपल्या आयपीएलइतका मोठा उद्योग आहे. १९६४ पासून तिथे एक पद्धत होती. शाळेच्या शेवटच्या वर्षातला मुलगा एका विद्यापीठाच्या कागदावर सही करी: मी तुमच्याकडेच येईन. त्या क्षणापासून इतर विद्यापीठांनी त्याच्याशी बोलायचे नाही. बदल्यात त्याला एका वर्षाची शिष्यवृत्ती. ऐकायला चोख आहे. पण मुलगा सही करी ती बहुतेक वेळा एका प्रशिक्षकाच्या शब्दावर; तो प्रशिक्षक घरी येऊन आईच्या हातचे जेवून गेलेला असे. सहीनंतर महिन्याभरात त्या प्रशिक्षकाला दुसऱ्या विद्यापीठाने जास्त पगार देऊन उचलले, तर तो मोकळा. मुलगा अडकलेला. त्याने सुटका मागायची, विद्यापीठाने द्यायची किंवा नाकारायची. न मिळता गेला तर खेळण्याच्या मोजक्या वर्षांतले एक गमवायचे. शिवाय एका विद्यापीठातून दुसरीकडे जाणाऱ्या फुटबॉलपटूला वर्षभर बाहेर बसवण्याचा नियम वेगळाच. २०१८ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ‘ट्रान्सफर पोर्टल’ काढले. जायचे असेल त्याने नाव नोंदवायचे, परवानगी मागायची नाही. २०२१ मध्ये एकदा बसून न राहता विद्यापीठ बदलण्याची मुभा आली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो साठ वर्षांचा सहीचा कागदच रद्द झाला.

म्हणजे तिकडे रामराज्य आले का? नाही. आता उलट टोक आहे. दरवर्षी पोर्टलमध्ये उड्या पडतात, त्यातल्या काहींना कुठेच जागा मिळत नाही, आणि सल्लागार म्हणवणारे दलाल मुलांच्या कानाला लागतात. दार सताड उघडे टाकण्याचाही एक भाव असतो. तरीही त्या साठ वर्षांकडे पाहिले की एक गोष्ट नजरेतून सुटत नाही: तो कागद फक्त मुलाला बांधत होता. ज्याच्या शब्दावर सही झाली, तो कधीच बांधलेला नव्हता.

आपल्या एनओसीचे नेमके हेच दुखणे आहे. संघटना खेळाडूला वगळते तेव्हा त्याची हरकत विचारत नाही. संघनिवडीच्या यादीत नाव नसते, संपले. खेळाडू जायला निघाला की मात्र कागद लागतो. २०२४ मध्ये हनुमा विहारीने आंध्रचे कर्णधारपद आपल्याला सोडायला लावले असा जाहीर आरोप केला आणि एनओसी मागितले. संघटनेकडून आली कारणे दाखवा नोटीस. दोन महिने पत्रे लिहून उत्तर नाही. राज्यातले राजकीय वारे बदलले आणि एनओसी ताबडतोब मिळाले, हे त्यानेच जाहीर केले. कसोटी खेळलेल्या माणसाची ही गत. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडे जाण्यासाठी एनओसी मागितले, मुंबईने ते दिले, मग महिन्याभरात त्याने विचार बदलला आणि मुंबईने त्याला परत घेतले. दोन्ही खेळाडू नावाजलेले, नियम एकच, आणि निकाल मात्र समोर बसलेल्या माणसाच्या मनावर. मर्जी चांगली असली तरी ती मर्जीच.

नाव नसलेल्या मुलाचे काय होते, ते सांगतो. काही काळापूर्वी एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. कापडी पिशवीतून त्यांनी फाईल काढली: जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, शाळेची गुणपत्रिका, लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रे. सगळ्यात वर एनओसीसाठीच्या तीन अर्जांच्या प्रती. तिन्हींवर आवक विभागाचा गोल शिक्का, तारीख, कोणाची तरी लफ्फेदार सही. उत्तर एकाचेही नाही. खाली एका खासगी अकादमीचा एक पानी कागद होता: अकादमीच्या लेखी परवानगीवाचून पाल्य अन्यत्र खेळणार नाही, भरलेली फी परत मिळणार नाही. वडिलांची सही, आणि तिच्याखाली मुलाची. वहीवर नाव घालतात तशी, पूर्ण नावाची, ओळ न सोडता काढलेली. अकादमीच्या बाजूला फक्त रबरी शिक्का. मुलाला काय मिळणार, याबद्दल त्या पानावर एक शब्द नव्हता. “वकीलसाहेब,” ते म्हणाले, “तिकडचे घ्यायला तयार आहेत, इकडचे सोडायला तयार नाहीत जी.”

कायदा काय म्हणतो ते मी त्यांना सांगितले, तुम्हालाही सांगतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक असतो; प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ते ठरवून टाकले. भारतीय करार कायदा, १८७२, याचे कलम २७ सांगते की कोणालाही आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. या कलमावरचा गाजलेला निकाल एका मराठी मुलखातल्या खेळाडूचाच आहे. श्रीरामपूरचा झहीर खान. मुंबईत जागा दिसेना म्हणून बडोद्याकडून सुरुवात केलेला, आणि पुढे २००६ मध्ये मुंबईकडे परतलेला. त्याने एका व्यवस्थापन कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावर दुसरीकडे जायचे तर आधी आम्हाला विचारा, असे त्यात कलम होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितले: मुदत संपल्यावर असे बंधन चालणार नाही. क्रिकेट मंडळ ‘शासन’ नाही, पण सार्वजनिक काम करते, म्हणून त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, हेही ठरलेले आहे. सिव्हिल लाइन्समधले आपले खंडपीठ त्या गृहस्थांच्या घरापासून काही फार लांब नव्हते.

ते ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “निकाल केव्हा लागंल?” याचे प्रामाणिक उत्तर माझ्याकडे होते आणि ते वाईट होते. सोळा वर्षांखालच्यांची विजय मर्चंट स्पर्धा खेळण्याचे वय मुलाच्या आयुष्यात जेमतेम दोन मोसम टिकते. निवड चाचण्या पावसाळ्याच्या आगेमागे होतात. याचिका दाखल, नोटीस, उत्तर, प्रत्युत्तर. तेवढ्यात मोसम संपतो. शिवाय खटला ज्यांच्याविरुद्ध, त्यांच्याच ओळखीपाळखीची माणसे उद्या निवड समितीत बसणार. त्यांनी फाईल पिशवीत घातली. केस झाली नाही. अशी प्रकरणे न्यायालयाच्या अहवालात कधीच येत नाहीत, म्हणून आपल्याला वाटते की प्रश्नच नाही.

आता याच मुलाचे दुसरे कागदपत्र बघा. आठवीतल्या मुलाला शाळा बदलून दुसऱ्या सरकारी वा अनुदानित शाळेत जायचे असेल, तर शिक्षण हक्क कायदा, २००९, याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा. विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. नव्या शाळेने दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. संसदेने हे का लिहिले? कारण दाखला अडवून पालकांना जेरीस आणण्याचा अनुभव देशभर होता. त्याच मुलाच्या गणिताला जे संरक्षण मिळाले, ते त्याच्या ऑफस्पिनला नको, असे म्हणायला माझ्याकडे तरी कारण नाही.

पण घडवणाऱ्याचे काय? हा प्रश्न मला खरोखर मोलाचा वाटतो. रेशीमबागेत पहाटे साडेपाचला नेट लावणारा प्रशिक्षक, कामठीत स्वतःच्या खिशातून बूट घेऊन देणारा फुटबॉल क्लब, यांचे ऋण कोणी मानत नाही. या बाबतीत क्रिकेटने फुटबॉलकडून शिकावे. जागतिक फुटबॉल संघटनेच्या २००१ पासूनच्या नियमांत, खेळाडू व्यावसायिक झाला की बारा वर्षांपासून त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई मिळते. आणि पुढे करार चालू असताना तो पैसे देऊन विकत घेतला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्या जुन्या क्लबांत वाटले जातात. घडवणाऱ्याला पैसा द्या, पण किल्ली देऊ नका. आपण नेमके उलटे करतो: मुलाला घडवणाऱ्या क्लबाच्या हाती दमडी लागत नाही, आणि ज्याने त्याला कधी पाहिलेही नाही अशा पदाधिकाऱ्याच्या हातात त्याचे जाणे-येणे असते.

अर्थात फुटबॉलमध्येही सगळे आलबेल नाही. बचावपटू अन्वर अलीने २०२४ मध्ये मोहन बागान सोडून ईस्ट बंगालची वाट धरली, तेव्हा भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२ कोटी ९० लाखांची भरपाई ठोठावली, आणि प्रकरण काही दिवसांतच दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचले. सज्ञान, व्यावसायिक, वकिलांनी वेढलेल्या खेळाडूने चालू करार मोडला तर त्याने भरपाई द्यावी, याबद्दल माझी तक्रार नाही. करार दोघांचा असेल तर तो दोघांनी पाळावा. माझी तक्रार आहे ती ज्याला काहीच दिलेले नाही, त्याला बांधून ठेवण्याबद्दल.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे, आणि ते नागपुरातूनच सुरू व्हावे. विदर्भ संघटनेने स्वतःच्या नियमांत लिहावे की एप्रिल ते जून या काळात कोणीही खेळाडू अर्ज करील. पंधरा दिवसांत सकारण उत्तर गेले नाही, तर एनओसी दिले असे मानले जाईल. महाराष्ट्रात मानीव अभिहस्तांतरण आहे, बिल्डर सही देत नाही म्हणून सोसायटी अडून राहत नाही. मग मानीव एनओसी का नसावे? अठरा वर्षांखालच्या मुलासाठी तर एनओसीची अटच नको, फक्त कळवणे पुरे. ज्याला मागच्या मोसमात एकाही संघात घेतले नाही, तो आपोआप मोकळा. आणि बाहेरून व्यावसायिक घेताना जी रक्कम मोजली जाते, तिचा एक ठरलेला भाग त्या खेळाडूच्या पहिल्या क्लबला पाठवावा. आपण नायर यांच्या बंगळुरूतल्या क्लबला पाठवला, तर उद्या बडोद्याकडे जितेशच्या अमरावतीतल्या क्लबासाठी मागण्याचे तोंड आपल्याला राहील.

यावर कोणी म्हणेल, मग सगळेच पळतील. पळणारे पळतील. उमेश यादव २००८ पासून विदर्भाचाच राहिला. ज्या हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये ६९ बळींचा रणजी विक्रम केला, ज्या दानिश मालेवारने केरळविरुद्ध १५३ धावा काढून अंतिम सामन्यात सामनावीर होण्याचा मान मिळवला, ती मुले इथे आहेत कारण इथे त्यांना संधी मिळाली. त्यांना कोणी कुलूप घालून ठेवलेले नव्हते.

तेवीस वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला कर्नल सी. के. नायडूंचे नाव आहे. नागपूर सोडून इंदूरला गेलेल्या माणसाच्या नावाचा करंडक खेळायला निघालेल्या मुलाकडे तीन-तीन शिक्क्यांची फाईल असू नये. व्यासपीठावर आणि समोरच्या रांगांत संघटनेचे आजी-माजी पदाधिकारी बसले आहेत, मी पाहतो आहे. आपल्या कार्यालयातले आवक रजिस्टर उघडा, उत्तर न दिलेले एनओसीचे अर्ज मोजा, आणि येत्या जूनपूर्वी त्या प्रत्येकाला हो किंवा नाही असे लेखी कळवा. एवढ्यासाठी कोणत्याही नियमात बदल करावा लागत नाही.